कॉपीला कडाडून विरोध

गणिताच्या बाई नोकरी सांभाळून एम.एड. करत होत्या. शुक्रवारपर्यंत विद्यापीठात लघुप्रबंध दिला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं. विषय होता, ‘परीक्षेतील कॉपीबद्दल शिक्षकांची मते’. त्यांनी शाळेतल्या चाळीस शिक्षकांना प्रश्नावली वाटली आणि दोनच दिवसांत चाळीसही भरून आल्या. बाई हरखून गेल्या.

घरी तक्ता मांडायला बसल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. चाळीसही जणांचा कॉपीला कडाडून विरोध होता. शिवाय चाळीसही जण पुरुष होते, बावन्न वर्षांचे होते आणि चित्रकला शिकवत होते. त्यात आठव्या महिन्यातल्या विज्ञानाच्या बाईसुद्धा आल्या. चित्रकलेच्या सरांनी आपला कागद सगळ्यांत आधी भरून शिक्षक-खोलीतल्या टेबलावर ठेवला होता.

बाई तशाच मार्गदर्शक सरांकडे गेल्या. “सर, पुन्हा माहिती गोळा करायला आता वेळ नाही हो.”

“कशाला करताय? इतकं एकमत मी तीस वर्षांत पाहिलं नाही,” सर चष्मा पुसत म्हणाले. “शीर्षकात ‘बावन्न वर्षे वयाच्या चित्रकला शिक्षकांची मते’ एवढं करा.”

बाईंनी तसं केलं, आणि सरांनी न वाचता सही ठोकली.