मुळं कुजली त्या वर्षीची फुलं

मित्रांनो, मी एक जुनं ऑर्किड आहे. आचऱ्याच्या एका घरात, पूर्वेकडच्या पडवीत माझी कुंडी टांगलेली असते. आयुष्यात मला सर्वांत जास्त फुलं आली ती मी मरायला टेकलो होतो तेव्हा.

मला या घरात आणलं भाईंनी. ते जहाजावर कामाला होते. निवृत्त होऊन गावी परतताना त्यांनी मला कोल्हापूरच्या एका रोपवाटिकेतून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून आणलं. त्यांनी मला मातीत लावलं नाही. आमच्या मुळांना वारा लागतो, मातीत ती गुदमरतात. बाजूंनी भोकं असलेल्या कुंडीत नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचे, तुकडे आणि कोळसा घालून त्यांनी मला बसवलं. सकाळचं कोवळं ऊन मिळावं आणि दुपारचं लागू नये म्हणून माझी जागा कितीदा तरी बदलली. मूळ रुपेरी दिसलं की पाणी द्यायचं, हिरवं असेल तर नाही, असा त्यांचा नियम. दर वर्षी थंडी सरता सरता मी एक दांडा काढायचो आणि त्यावर जांभळी फुलं धरायचो. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग भाई दुखण्याने खाटेला खिळले. त्यांचा मुलगा मुंबईत नोकरीला, त्यामुळे सगळं औषधपाणी सून आकांक्षाच्या अंगावर आलं. माझ्याकडे बघायला उरल्या भाईंच्या पत्नी, काशीबाई. त्यांची माया मोठी. तुळशीला घालून उरलेलं पाणी त्या रोज माझ्या कुंडीत ओतायच्या.

"ह्येंचां झाड तां. तहानेन मराक नको," म्हणायच्या.

पडवी ओली होते म्हणून त्यांनी कुंडीखाली एक ताटली बांधली. तिच्यात पाणी साचून राहिलं.

मला ओरडता येत नाही. तळाचं पहिलं मूळ मऊ पडलं ते फक्त मला कळलं. वरून पानं हिरवीगार होती. मग दुसरं गेलं, तिसरं गेलं. ताटलीतल्या पाण्याला वास येऊ लागला, पण शेजारी धूप जळत असायचा. रोज सकाळी काशीबाईंच्या बांगड्या वाजल्या की मला कळायचं, आता पाणी येणार.

तेव्हा मी ते केलं, जे आमच्यातली काही झाडं शेवटी करतात. अंगात होतं नव्हतं ते सगळं फुलांत घातलं. अवेळी, भर वैशाखात, दोन दांडे फुलांनी वाकले.

काशीबाईंनी हात जोडले. "आता ह्येंका बरां वाटतलां," त्या म्हणाल्या. शेजारीपाजारी येऊन फोटो काढून गेले. आकांक्षा कितीतरी दिवसांनी हसली. भाईंनी बघावं म्हणून तिने मला उतरवून त्यांच्या उशाशी नेलं.

भाई फुलांकडे बघून हसले नाहीत. त्यांनी कुंडी नाकाशी धरली आणि सोडणात बोट खुपसलं.

"आकांक्षा, ह्यां झाड मराक टेकलां. म्हणान इतकी फुलां. मुळां बघ."

तिने मला कुंडीतून बाहेर ओढलं. काळी, पचपचीत मुळं तिच्या हातात तुटून आली.

"आधी दांडे काप," भाई म्हणाले. "फुलां रवली तर झाड जातलां."

दारातून काशीबाई बोलल्या, "घरात माणूस आजारी आसा, आणि तू फुलती फांदी कापतलस?"

आकांक्षाचा हात थांबला. "भाई, माका जमाचां नाय."

"झाडाकडे बघ गो. माझ्याकडे बघू नको," भाई हळूच म्हणाले.

तिने सुरी गॅसवर तापवली आणि दांडे कापले. कुजलेली मुळं काढली, जखमांवर दालचिनीची पूड लावली, मला एक दिवस सुकू दिलं आणि नव्या सोडणात बसवलं. कापलेली फुलं काशीबाईंनी उचलली, पण देवापुढे ठेवली नाहीत.

मिरगाआधीच भाई गेले.

भेटायला आलेल्या बायका पडवीत कुजबुजल्या, "फुलां कापली ना, थंयच चुकलां." आकांक्षा चहा घेऊन मागेच उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि आत गेली. त्यानंतर सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं उरलं. माझी पानं सुरकुतत चालली होती आणि दोघींपैकी कुणी मला बघत नव्हतं.

मग एका सकाळी काशीबाई पाणी घेऊन माझ्यापाशी आल्या. आकांक्षा उंबऱ्यावर थबकली. तिने त्यांना अडवलं नाही. काशीबाईंचा हात माझ्यावर कलला आणि तसाच राहिला.

"आज घालूचां काय गो?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"नाय, आये. परवा."

"मगे माका सांग," म्हणून त्या वळल्या.

मित्रांनो, मी वाचलो असं अजून म्हणवत नाही. मोजकी मुळं उरली आहेत, हवा दमट आहे आणि त्यातल्या एका मुळाचं टोक कालपासून मऊ लागतं आहे. आकांक्षाला ते अजून दिसलेलं नाही. तुमच्या घरी कुणी असं अवेळी, एकाएकी बहरलं, तर कौतुक जरूर करा. पण त्याआधी कुंडी उचला आणि खालून बघा.