घोडपदेवची हलगी सिलोनला गेली तेव्हा

मी एक जुनी हलगी आहे. घोडपदेवच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, राजारामच्या खोलीत खिडकीशेजारच्या खुंटीला मी टांगलेली असते. दुपारी बंदराकडून वारा आला की माझं कातडं आपोआप थरथरतं आणि मी हलकेच गुणगुणू लागते. खोलीतल्या माणसांना वाटतं, माशी असेल. मीही काही बोलत नाही. पण मित्रांनो, आज तुम्ही आलाच आहात आणि वाराही बरा आहे, तर बसा थोडा वेळ.

माझा जन्म सातारच्या बाजूला, एका गावकुसाबाहेरच्या वस्तीत झाला. राजारामचे वडील भिवा यांनी मला बनवलं. सुताराकडून लाकडाचं कडं आणलं, त्यावर बोकडाचं ओलं कातडं ताणून बांधलं आणि मला उन्हात ठेवलं. वाजवण्याआधी ते पाचोळ्याचा जाळ करून मला शेकत. शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही, नुसती भद्द भद्द करते. शेकली की मग उजव्या हातात जाडसर काठीचं टिपरू, डाव्या हातात बारीक काडी, आणि माझा आवाज थेट नदीपलीकडे जायचा. माझी तारीफ आसपासची सगळी गावं करत. भिवाची मात्र कोणी केल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हलगीची पाठ वाजवणाऱ्याकडे असते आणि तोंड जगाकडे. मी जत्रा पाहिल्या, लग्नं पाहिली, बैलांच्या मिरवणुका पाहिल्या. पण वाजवताना माझ्या धन्याचा चेहरा कसा होतो, ते मला कधीच दिसलं नाही.

पाटलाच्या घरून निरोप यायचा, "भिवा, हलगी घेऊन ये." येतोस का, असं कोणी विचारत नसे. याला वेठ म्हणत. राबायचं, पण मनात असो नसो, दुसऱ्याच्या हुकमाने. राजाराम तेव्हा लहान होता. मला शेकायला पाचोळा गोळा करून द्यायचा. त्याची धाकटी बहीण चंपा तापाने गेली, त्याच दिवशी गावात एक लग्न होतं. निरोप आला. भिवा घरातलं मयत तसंच ठेवून उठले आणि मला घेऊन गेले. त्या दिवशी माझा आवाज रोजच्यासारखाच खणखणीत लागला, याचं मला अजून वाईट वाटतं. राजाराम मांडवाबाहेर पाचोळ्याची पाटी घेऊन उभा होता. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मोठा झाल्यावर तो मुंबईला आला, परळच्या एका गिरणीत लागला. वडिलांची आठवण म्हणून त्याने मलाही आणलं. शिमग्याला चाळीत थोडं वाजवायचा, आणि त्याचं बघून त्याचं पोरगंही दोन ताल शिकलं. मग ते छप्पन्न साल आलं. राजाराम नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, घरातले देव त्याने समुद्रात सोडले आणि खुंटीवरून मलाही खाली काढलं.

"हिलापण नेतो," तो म्हणाला.

त्याची बायको सुभद्रा मोठी व्यवहारी. तिने मला त्याच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "देव सोडलं ते ठीक. पर ह्ये कडं चांगलं हाय. मिरच्या ठिवाया हुईल."

"ठेव मग. पर आता वाजायची न्हाय ती."

आणि पाच गावं गाजवलेली मी, पालथी होऊन माळ्यावर सुक्या मिरच्या सांभाळू लागले. हसू नका. मिरच्यांची संगत तशी वाईट नसते, फक्त झोप लागत नाही. मी पडल्या पडल्या स्वप्नं बघायची. त्या स्वप्नांत नदी असायची, पलीकडे कोणीतरी उभं असायचं, आणि ते मला हाक मारायचं नाही, नुसतं वाट बघायचं.

राजारामचा मुलगा जयवंत त्या वेळी कोट भागातल्या कॉलेजात जात होता. संध्याकाळी आईच्या चुलीशी बसून तो तिथल्या गोष्टी सांगायचा. लायब्ररीच्या उंच खिडक्या, कॅन्टीनमधला पाणचट चहा, वार्षिक संमेलनातली नाटकं. ऐकता ऐकता मलाही ते कॉलेज धुक्यातल्यासारखं दिसू लागलं होतं. सुभद्रा विचारायची, "आन तू काय करतोस रं तितं?"

"मी? मी बघतो," जयवंत म्हणायचा. मला वाटायचं, पोरगं अगदी माझ्यावर गेलंय.

ते मोर्च्यांचे दिवस होते. खालून घोषणा यायच्या, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे," आणि माळ्यावर माझं कातडं त्या आवाजाने थरथरायचं. एकदा जयवंतचा वर्गमित्र चिंतामणी घरी आला. गिरगावचा, एका कारकुनाचा मुलगा, बोलायला मोकळा, मनाने चांगला. चहा पिता पिता तो म्हणाला, "जयवंत, परवाच्या मोर्च्यात तू हलगी आण ना. तुमच्यात वाजवतातच, तुला येत असेल."

जयवंतने कप खाली ठेवला.

"आमच्यात आता वाजवत न्हाईत," राजाराम म्हणाला. आवाज चढवला नाही, पण चिंतामणीचा चहा तसाच राहिला. आपण काय चुकीचं बोललो, हे त्याला त्या वेळी कळलंही नाही. त्याला वाटलं होतं, आपण मान देतो आहोत.

जयवंतच्या कॉलेजात एक दिवस सूचना लागली. सिलोनमध्ये मोठा पूर येऊन गेला होता, गावोगावचे तलाव फुटले होते. ते बांधायला देशोदेशीचे विद्यार्थी सुट्टीत जाणार होते. जयवंतने आपणहून नाव दिलं. घरी सांगितलं तेव्हा राजाराम जेवत होता.

"पगार किती?"

"पगार नाही, आबा. स्वयंसेवक म्हणून जायचं. माती उपसायची, बांध घालायचा."

राजारामने भाकरी ताटात ठेवली. "फुकट राबायचं? मंग गावाला काय वाईट हुतं? तुझ्या आज्याची हाडं वेठीत झिजली. ती सुटावी म्हनून मी हितं आलो, तुला शिकवला. आन तू साहेबाच्या कागदावर सही करून परत वेठीलाच चालला?"

मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, कारण या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. बापलेक त्या दिवसापासून एकमेकांशी बोलेनासे झाले.

प्रत्येकाने आपल्या देशाचं एखादं वाद्य आणावं, असं त्या सूचनेत होतं. निघायच्या दिवशी राजाराम पाळीवर गेला होता. सुभद्राने माळ्यावरून मला काढलं, मिरच्या सुपात ओतल्या, मला फडक्याने पुसलं आणि जयवंतच्या वळकटीत गुंडाळलं. "आबाला सांगू नगंस," ती म्हणाली. पोराला पोचवायला ती एकटीच बोरीबंदरला आली.

मद्रास, मग धनुष्कोडी, मग बोट. वळकटीत मला काही दिसत नव्हतं, पण समुद्र ऐकू येत होता. माझ्याहून कितीतरी मोठा श्वास घेणारं कोणीतरी खाली झोपलं आहे असं वाटायचं. त्या प्रवासाचं मला अजूनही स्वप्न पडतं.

ते गाव तलावाकाठी होतं. जपानी, इंग्रज, मद्रासी, नाना तऱ्हेची मुलं पाट्या डोक्यावर घेऊन दिवसभर माती टाकत होती. पहिल्याच संध्याकाळी सगळे म्हणाले, तुझं वाद्य वाजव. जयवंतने जाळ केला आणि मला शेकायला धरलं. आता कड्याच्या खाचेत अडकलेलं मिरच्यांचं बी सुभद्राच्या फडक्याने थोडंच निघणार. ते सगळं जाळात पडलं. मित्रांनो, देशोदेशीची ती मुलं अशी ठसकली, शिंकली आणि रडली, की कोणाला कोणाची भाषा कळत नव्हती ते त्या रात्री विसरायलाच झालं. दुसऱ्या दिवशी जयवंतला सगळे नावाने ओळखत होते.

रोज पहाटे कॅम्पला जागं करायला गावातला एक म्हातारा ढोल घेऊन यायचा. ढोल सुरेख वाजायचा. सगळे म्हणायचे, काय ढोल आहे. तो वाजवून झाला की म्हातारा दूर झाडाखाली बसायचा आणि त्याची पेज त्याला तिथेच नेऊन ओतली जायची. जयवंतने हे पाहिलं. मीही पाहिलं, आणि मला भिवा आठवले. जयवंतने कॅम्पच्या प्रमुखाला विचारलं, "यांना यायचं आहे का, असं कोणी विचारलं होतं?"

प्रमुख गोंधळला. गावच्या मुखियाने पाठवलं होतं. विचारायचं काय त्यात?

जयवंत प्रमुखाला दुभाषा म्हणून घेऊन झाडाखाली गेला, म्हाताऱ्याजवळ मातीत बसला आणि म्हणाला, "उद्यापासून पहाटे मी वाजवीन. तुम्ही झोपा. यायचं वाटलं तर या." म्हातारा ढोल उचलून निघून गेला.

दुसऱ्या पहाटे जयवंतने मला शेकलं आणि वाजवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाच्या निरोपावरून नव्हे, तर कोणाची तरी झोप राखावी म्हणून वाजवलं गेलं. माझा आवाज कसा लागला ते मला सांगता येणार नाही. तलावाचं पाणी जागं झालं एवढं आठवतं.

पण म्हातारा आला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. जयवंतच्या जिवाला घोर लागला. संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन काठावर बसायचा आणि स्वतःशीच बोलायचा. "वाजवणं एवढं एकच त्याचं होतं, तेही आपण काढून घेतलं की काय? आबा म्हणतात तेच खरं असेल. मी साहेबासारखा वागलो." मग एखादा खडा पाण्यात टाकायचा. "कॉलेजात चार वर्षं मी भिंतीला टेकून उभा राहिलो. कोणी बोलावलं तर बोललो. चिंतामणीला तरी मी कुठे सांगितलं, की तुझं बोलणं लागलं म्हणून? इथे येऊन पहिल्यांदा मी आपणहून काही केलं, आणि तेही चुकलं." समोर कमळं मिटत असायची. मी त्याच्या मांडीवर गार होत पडून राहायची.

बांध पुरा झाला त्या संध्याकाळी गावाने पंगत दिली. कमळाच्या पानांवर भात वाढला होता. सगळे बसले, आणि वाटेवरून ढोलाचा आवाज आला. म्हातारा येत होता. धुतलेलं पांढरं वस्त्र, गळ्यात ढोल. मुखियाने पाठवलं नव्हतं, मुखिया तर पंगतीत बसून तोंड उघडं टाकून बघत होता. म्हातारा झाडाकडे गेला नाही. सरळ पंगतीकडे आला आणि थांबला. जयवंतने सरकून शेजारी जागा केली. म्हातारा बसला, जेवला, हात धुतले आणि माझ्याकडे बोट दाखवून हसला. मग आम्ही दोघं वाजलो. तो ढोल माझी भाषा बोलत नव्हता, पण त्यालाही पाठीमागचा चेहरा कधी दिसला नसणार, हे मला कळत होतं.

घरी परतल्यावर जयवंतने मला वळकटीतून काढून बापासमोर ठेवलं. राजारामच्या कपाळावर आठी चढली. जयवंतने सगळं सांगितलं, मिरच्यांपासून पंगतीपर्यंत. शेवटी म्हणाला, "आबा, घाम दोन्हीकडे सारखाच. पण आज्याला कोणी येतोस का म्हटलं नाही. मी मात्र येऊ का म्हणून गेलो होतो."

राजाराम कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता. मांडवाबाहेर बघितलं होतं तसंच.

"त्यो म्हातारा," त्याने विचारलं, "आपनहून आला?"

"आपणहून."

तो उठला, मला उचललं आणि खिडकीशेजारच्या खुंटीला टांगलं. "मिरच्यांना दुसरा डबा बघ," सुभद्राला म्हणाला. वाजवलं मात्र नाही.

पुढच्या वर्षी एक मे उजाडला. महाराष्ट्र झाला होता. लालबागपासून परळपर्यंत रस्ते गुलालाने भरले होते, आणि आमच्या दारात चिंतामणी उभा होता. जयवंतने त्याला मधल्या काळात सगळं सांगितलं होतं.

"काका," तो म्हणाला, "मागे मी चुकीचं बोललो. आज दुसरं विचारायला आलोय. मला हलगी शिकवाल का? नाही म्हणालात तरी चालेल."

राजारामने त्याला खालून वर पाहिलं. "तू गळ्यात घालनार? गिरगावात हसतील तुला."

"हसू देत."

राजारामने मला खुंटीवरून काढलं. चिंतामणीने मला घेतलं आणि शेगडीवर असं धरलं, की माझं कातडं करपायचीच वेळ आली. "आरं आरं, पापड हाय का त्यो?" राजारामने मला त्याच्या हातातून घेतलं. किती वर्षांनी त्या हातांनी मला शेकलं. बोटाने टिचकी मारून माझा सूर पाहिला आणि पट्टा चिंतामणीच्या गळ्यात घातला.

आम्ही खाली उतरलो. पोराचा हात अडखळत होता, ताल सुटत होता. राजाराम त्याच्यापुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालू लागला. हात रिकामे, पण बोटं हवेत वाजवत होती. मी दुसऱ्याच्या गळ्यात होते, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला. वाजवणाऱ्याचा चेहरा असा असतो होय? तो रडत होता आणि हसत होता. मांडवाबाहेर त्या दिवशी जे रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्यात होतं.

तर मित्रांनो, जुन्या वाद्यांना पुसा, ऊन दाखवा, शेकून ठेवा. मिरच्या ठेवल्यात तरी माझी तक्रार नाही. पण वाजवणाऱ्याला कधी नुसतं बोलावू नका. आधी त्याला विचारा, येतोस का. आणि तो आला, तर त्याच्या चेहऱ्याकडेही बघा.