मला एकदाचा भंगारात काढा

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. पाणी चढवून थकलो म्हणून नव्हे, ते तर माझं कामच. चीड येते ती पंपघरात चालणाऱ्या कौतुकाची.

माझं बिडाचं अंग ओतशाळेत ओतलं गेलं. मग या पंपघरात सिमेंटच्या ओट्यावर मला बसवलं आणि मी वर्षानुवर्षं शहराला पाणी पुरवलं. म्हातारपणी कुरकुरायला लागलो, तेव्हा ताई मदतनीस म्हणून इथे आली. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तशी ती माझ्यावरच शिकली. दिवसा माझी बेअरिंगं बदलायची, संध्याकाळी पुस्तकं उघडायची. काम करता करता इंजिनीअर व्हायची वाट तिने धरली होती.

तिचं काम तपासायला बाहेरून परीक्षक आले. म्हणाले, "दुरुस्ती उत्तम आहे तुमची. पण स्वतः आखलेलं काहीतरी दाखवा. त्याशिवाय मला सही करता येणार नाही." म्हणजे वरच्या मजल्यावर आराखडे काढतात, त्या खोलीत तिने काही महिने बसायला हवं. घोडं अडलं ते इथेच.

"जाशील गं," पंपघराचे साहेब दर वेळी म्हणायचे, "पण तुझ्याशिवाय या म्हाताऱ्याला कोण सांभाळणार? तुझ्या हाताला गुण आहे."

तिच्या मागून आलेले वर गेले, इंजिनीअर झाले. ताई आपली माझ्यापाशीच. तिचा गुणच तिच्या मुळावर आला, आणि निमित्त मी! मला स्वतःचाच राग यायचा.

परवा माझ्या फिरत्या दांड्यापाशी पाणी फार गळू लागलं. ताईने पाना नव्यानेच आलेल्या फिटरभाऊंच्या हातात दिला आणि स्वतः हात मागे बांधून उभी राहिली. त्या दांड्याभोवती तेलकट दोरी भरलेली असते. ती गार राहावी म्हणून थेंब थेंब पाणी पडू द्यावंच लागतं. भाऊंनी गळती पार थांबेपर्यंत नट आवळले. दोरी जळायला लागली, पंपघरात धूर झाला. साहेब धावत आले.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? हात लाव की."

"मी हात लावला की पुन्हा मलाच बोलवाल."

"त्याला शिकायला वेळ लागेल."

"लागू दे. मलाही लागला होता. मीसुद्धा असाच धूर काढला होता, साहेब."

भाऊंनी खोकत खोकत मला बंद केलं, नवी दोरी भरली, या वेळी नट हलक्या हाताने आवळले. थेंब पडू लागला. साहेबांनी वाकून दोन-तीन थेंब मोजले. मग म्हणाले, "सोमवारपासून जा वर. पण हा अडला तर लगेच खाली यायचं."

आता ताई वर बसून आराखडा काढते आहे. माझ्या जागी याच ओट्यावर बसणाऱ्या नव्या पंपाचा.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला टाकू नका. माझं सांगणं उलटं आहे. मला खुशाल भंगारात काढा, पण चांगलं काम करणाऱ्या माणसाला त्याच कामाच्या खुंटीला बांधून ठेवू नका. तोवर माझं अंग ठणकतंय, बेअरिंग कुरकुरतंय, तरी मी चालतो आहे. मी अडलो, तर तिला खाली यावं लागेल.