प्रज्ञाच्या सापाची ऊब

लग्न होऊन प्रज्ञा संगमनेरला आली, तेव्हा पुण्याहून तिचा पाळीव सापही आला; परदेशी, बिनविषारी, रीतसर नोंदणी केलेला. डिसेंबरच्या गारठ्यात तिनं त्याच्या प्लास्टिकच्या टबाखाली हीटिंग पॅड लावलं. तर साप अंग चोरून दुसऱ्याच टोकाला बसला.

तिच्या सासूबाई भामाबाई वीस वर्षं कोंबडीची पिल्लं वाढवत होत्या. त्यांनी टबाच्या तळाला हात लावला.

"हितं चटका बसतोय अन् बाजूला पार गार हाय. पिल्लं असती तर कोपऱ्यात चेंगरून मेली असती."

"मग काय करू, आई?"

भामाबाईंनी कोंबड्यांच्या शेडवरचा, ठरावीक तापमानाला वीज आपोआप तोडणारा जुना थर्मोस्टॅट आणला आणि पॅडची वायर त्याला जोडली. ऊब सारखी पसरावी म्हणून पॅडवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला, थर्मोस्टॅटचा सेन्सर त्यालाच चिकटवला आणि काटा तीस अंशांवर आणला. टबाचा अर्धा भाग मुद्दाम पॅडबाहेर ठेवला.

"लई ऊन झालं तर त्याला सरकायला जागा पायजे."

तासाभरानं प्रज्ञानं थर्मामीटर लावला. तापमान तीसच होतं. संध्याकाळी साप उबेला येऊन निवांत वेटोळं घालून पडला.

"आई, हात लावून बघता?"

"न्हाई बाई. साप तू सांभाळ, ऊब मी सांभाळते."