ओठ आणि आवाज

टीव्हीखाली ठेवलेल्या इंटरनेटच्या काळ्या डबीवर एक बारीक पांढरा दिवा, मोहरीएवढा — आणि वर पडद्यावर स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईंचे ओठ मिटलेले, तरी त्यांचं ‘मंद आचेवर’ आत्ता कुठे खोलीत पोचत होतं. टीव्हीसमोर बसलेल्या तिनं डोळे घट्ट मिटले, पुन्हा उघडले. तेच. ओठ आधी, आवाज मागून... ताईचं असंच सुरू झालं होतं. तुम्ही सगळे तोंड आधी हलवता आणि बोलता नंतर, असं ताई एकदा जेवताना म्हणाली होती, आणि सगळ्यांना ती गंमत वाटली होती — पुढे एके दिवशी ताईनं सख्ख्या बहिणीलाच, हिलाच, विचारलं, आपण कोण?

म्हणून ती गप्प होती. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर म्हणून अनोळखी माणसं एकमेकांना जोडून दिलेली बाई, नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखणारी — तिनं घरात कुणाला सुगावा लागू दिला नाही. मुलगा बोलायला लागला की त्याच्या ओठांवर नजर, सून चहाचं विचारायला आली की तिच्या ओठांवर — जुळतंय, हो, निदान अजून तरी जुळतंय... पण टीव्ही लावला की पुन्हा ओठ आधी, आवाज मागून. तरी लावायचीच, दुखऱ्या दातावरून जीभ फिरत राहावी तसं.

आज सून दुपारीच ऑफिसातून आली आणि पर्स न उतरवता तिच्याशेजारी टेकली. जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

“आई, हे असं कधीपासून होतंय?”

संपलं. हिला कळलं, माझ्या तोंडावरच दिसत असणार...

“काय कधीपासून?”

“अहो, ही बाई बोलते आधी आणि आवाज येतो मागून. तुम्ही बघता तरी कसं हे?”

हिलाही दिसतंय. म्हणजे माझ्या डोक्यात नाही, तिथं आहे, त्या डबीत... जीव भांड्यात पडतो म्हणतात तो तिचा असा पडला की भांड्याचा आवाजही यावा. तिला हसू आवरेना. सूनबाईनं एकदा वळून पाहिलं आणि कामाला लागली. डबीची वायर काढून पुन्हा लावली; फरक नाही. मग सेटिंगमध्ये शिरून आवाज पुढेमागे करायची एक पट्टी शोधून काढली, ती सरकवता सरकवता सांगत राहिली की ऑफिसच्या मीटिंगमध्येही असंच होतं, साहेब रागावून गप्प झाले तरी त्यांचा राग मागून येतच असतो.

“झालं. आता बरोबर आहे.”

ती बघत राहिली. ओठ... आणि अगदी पाठोपाठ, केसभर उशिरा... की नाही? कालची ती असती तर मान डोलावून मोकळी झाली असती, आणि रात्र छताकडे बघत काढली असती. डबीचं असेल, माझं असेल... असेना का.

“अजून केसभर मागे आहे गं,” ती म्हणाली.

सून उठता उठता पुन्हा बसली. “कान तुमचा ऑपरेटरचा. तुम्ही म्हणाल तिथं थांबवते.”

पट्टी तसूतसूनं सरकू लागली. अजून, ती सांगत होती, अजून थोडं, नाही, जरा मागे... आणि आपला स्वतःचाच आवाज आपण किती दिवसांनी ऐकतो आहोत, असं तिला वाटत राहिलं.