मडकी आत, माणसे हौद्यात

आमचा माल वाहणाऱ्या विरूपाक्षाने जुनी पिकअप विकून नवी आणली आणि ती दाखवायला तो थेट आमच्या दारात आला. मी माठांना काव लावत बसले होते. माझे हात तांबडे होते म्हणून त्याने मला गाडीला हात लावू दिला नाही. मालाच्या गाडीला हात लागू नये असे ज्याला वाटते, तो पुढे काय करणार हे मला तिथेच कळायला हवे होते.

गाडीला चार दारे होती. पुढे बैठक, मागे बैठक, थंड हवेचे यंत्र, आणि समोर शाळेतल्या पाटीएवढा पडदा. बैठकांवरचे शोरूमचे प्लास्टिक त्याने काढले नव्हते आणि काढायचा विचारही नव्हता. आमच्याकडे ते चिंध्या होऊन गळेपर्यंत ठेवतात, म्हणजे गाडी नवी दिसते. एवढे सगळे माणसांच्या बुडाखाली गेल्यावर मागे जे उरले होते, त्याला तो हौदा म्हणत होता. त्यात दोन शेळ्या उभ्या राहिल्या असत्या, त्यासुद्धा भांडण नसेल तर.

"कशी हाय, मावशी?"

"माल कुठं ठेवायचा?"

"माल मागं, तुम्ही आत. आता धूळ खात बसायची गरज न्हाई. काच वर, एसी चालू. लोकं म्हणतील, कोण्या साहेबाची बायको उतरून राहिली."

"साहेबाची बायको माठ विकत न्हाई, विरूपाक्षा."

"मग थोडे कमी न्या की."

तो अगदी सहज बोलला. इतकी वर्षे आमची मडकी वाहून त्याला एवढेच समजले होते.

मडकी म्हणजे सोयाबीनची पोती नव्हेत, की एकावर एक रचली आणि दोर आवळला. त्यांना पसरट जागा लागते. खाली उसाचे पाचट अंथरायचे, त्यावर माठ पालथे मांडायचे, मधल्या फटी पाचटाने भरायच्या, वर आणखी एक हलका थर. रांजण केबिनला टेकून. हे सगळे व्हायचे ते त्या जुन्या गाडीत. तिला दोन दारे होती, आत ड्रायव्हर आणि फार तर एक माणूस, बाकी सगळी गाडी म्हणजे लांब, सपाट, उघडा हौदा. पत्रा चेपलेला, फाळक्याला तार बांधलेली. तिचे कौतुक कोणी केले नाही, कारण ती नुसती कामाची होती.

आमचे गाव जळकोटच्या अंगाला आहे, पण आमचा उन्हाळा उभा राहतो तो कंधारच्या आठवडी बाजारावर. तिथे कोपऱ्यावर माझी जागा आहे. माझ्या सासूने ती धरली, तिच्यामागे मी धरली, माझ्यामागे माझी सून सुकन्या धरील. जागेचा कागद नसतो. बसतो त्याची जागा. एका बाजाराला आपण गेलो नाही तर शेजारचे ती राखतात. दुसऱ्यालाही गेलो नाही तर राखणाराच आपला माल पुढे सरकवतो, आणि त्याला कोणी वाईट म्हणत नाही. मीही एकदा एका बांगडीवालीची जागा अशीच थोडी घेतली आहे.

विरूपाक्षाची नवी गाडी पासिंगला अडकली तेव्हा आमचा एक बाजार चुकला होता. माझ्या शेजारी देगलूरकडचा महांतेश बसतो. प्लास्टिकच्या बादल्या, कॅन, पाण्याचे जार. माणूस गोड आहे, पण त्याचे डोळे सारखे माझ्या कोपऱ्यावर. पुढचा बाजार चुकला असता तर ऐन उन्हात माझ्या सासूच्या जागेवर निळे कॅन उभे राहिले असते.

म्हणून मी साधी गाडी शोधायला निघाले. मला वाटले, जळकोटच्या स्टँडवर पाच-सहा पिकअप नेहमी उभ्या असतात, एक सांगू आणि येऊ. सुकन्या बरोबर होती.

पिकअप उभ्या होत्या. फक्त त्यातली एकही पिकअप उरली नव्हती. एकीच्या हौद्यात माणसाच्या उंचीचे भोंगे नटबोल्टने आवळलेले. लग्नसराईभर ती वरातीपुढे बोंबलत फिरते आणि मालक तिच्या टपावर गॉगल लावून बसतो. दुसरीवर निवडणुकीचा पडदा चढवला होता. निवडणूक होऊन गेली, उमेदवार पडला, त्याचे हात जोडलेले चित्र मात्र अजून उन्हात उभे. तिसरी खरोखर साधी होती, दोन दारांची, लांब हौद्याची. मी फाळक्याला हात घातला तर मालक धावत आला. हौद्यात त्याने हिरवी सतरंजी चिकटवली होती आणि कडेने दिव्यांच्या माळा.

"मडकी न्हाई भरायची, मावशे. ओरखडे पडत्यात."

"मग काय भरता हिच्यात?"

"काय न्हाई. रील काढतो."

सुकन्या पदराआड हसली. मला हसू आले नाही. वजन ओढायला जन्मलेल्या गाडीला कुंकू लावून बसवले होते, आणि सोयाबीन, कांदा, मडकी ज्यांना न्यायची त्यांनी डोक्यावर न्यावी.

मग सुदर्शन म्हणाला, आपणच एक घेऊ. सुदर्शन माझा मुलगा, लातूरला मोबाईलच्या दुकानात कामाला. हप्त्यावर मिळते म्हणाला. नांदेडला शोरूममध्ये गेलो. काचेच्या दारातून आत गेल्यावर टाय लावलेल्या पोराने मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सगळे बोलणे सुदर्शनशी सुरू केले.

"साधी दाखवा," मी म्हणाले. "दोन दारांची, लांब हौद्याची. एसी नको, पडदा नको."

"आजी, ते बेस मॉडेल." त्याने एक गुळगुळीत कागद पुढे केला. चित्रात माझी गाडी होती, पांढरी, कोरी, पाठीमागे डोंगर.

"हीच. कुठं उभी हाय?"

"ती उभी नसते, आजी. ती कागदावर असते. मागवावी लागते, पाऊस लागल्यावर येईल. कोणी घेतच नाही हो."

"मी आले की घ्यायला."

"तुमच्या एकटीसाठी कंपनी काढील का?" तो हसून म्हणाला. वाईट हेतूने नाही. त्याला खरेच तसे वाटत होते. "ही टॉप मॉडेल बघा. दादा, बसून तर बघा. लग्नाकार्याला फॅमिली सगळी आत."

आणि माझा मुलगा बसला. स्टिअरिंगवरून हात फिरवला, आरशात केस पाहिले, पडद्यावर बोट सरकवले. कुंभाराच्या पोटी जन्मलेला तो पोरगा हौद्याकडे एकदाही वळला नाही. मी पाणी पिऊन उठले.

"आई, गाडी मस्त हाय पण," तो बसमध्ये म्हणाला.

"तुझा बाप रांजण डोक्यावर घेऊन वाढवण्याचा बाजार गाठायचा," मी म्हणाले. "तू आरसा डोक्यावर घे."

परत आलो तर बाजार उद्यावर आलेला, म्हणून शेवटी विरूपाक्षालाच यायला सांगितले. या फिरण्यात भट्टी उशिरा लागली होती. बाजाराच्या सकाळी उघडली तेव्हा मडकी अजून गरम होती, हात लावता येईना. याची आम्हाला कधी चिंता नसे. जुन्या गाडीत आम्ही पुष्कळदा गरम मडकी भरली आहेत, गोणपाटाने धरून. उघडा हौदा, रस्त्याचा वारा, कंधार येईतो थंड होत. आमच्या कामाची ती रीतच होती.

विरूपाक्ष वेळेवर आला. मी दुसरी गाडी शोधत फिरले हे त्याच्या मनाला थोडे लागले असावे, कारण त्याने स्वतःच तोड काढली.

"मावशी, रांजण मागं हौद्यात. माठ आत सीटवर ठिवू. गादी हाय, एकबी फुटणार न्हाई."

"अन् आम्ही?"

त्याने हौद्याकडे पाहिले. आम्हीही पाहिले.

मग गल्लीने कधी न पाहिलेले पाहिले. माठ एकेक करून गाडीत बसले. मागच्या बैठकीवर दाटीवाटीने, पुढे ड्रायव्हरशेजारी तीन. विरूपाक्षाने त्यांना पट्टे लावले. पाचट मात्र त्याने आत येऊ दिले नाही, कचरा होतो म्हणून. त्याने काचा वर केल्या, एसी लावला. मी आणि सुकन्या मागे, रांजणांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून.

"आत्याबाई, मडकी साहेब झाली की," सुकन्या म्हणाली.

"नीट बस. रांजण कलंडंल."

रस्ताभर आम्ही धूळ खाल्ली. गाडी बंद काचांत झुळझुळ चालली होती. विरूपाक्षाला मध्येच कसलासा वास आला होता, असे तो नंतर म्हणाला. पण नव्या गाडीला वास येतोच म्हणून त्याला उलट बरे वाटले.

कंधारला पोचलो तेव्हा महांतेशने माझ्या कोपऱ्यावर कॅनची एक रांग सरकवली होती. मला उतरताना पाहिले आणि त्याने ती मागे ओढली. जागेवाली आल्यावर हक्क सांगायचा नसतो, एवढी लाज अजून बाजारात आहे.

विरूपाक्षाने मागचे दार उघडले आणि तोंड फिरवले. जळक्या प्लास्टिकचा भपकारा आला. मी माठ उचलला तर त्याच्याबरोबर बैठकीवरचे प्लास्टिक तारांसारखे ओढत आले. प्रत्येक माठाच्या बुडाला, कुशीला ते चिकटले होते. सुकन्याने नखाने काढून पाहिले. वरचे निघाले, मातीत शिरलेले निघेना. मातीचे भांडे श्वास घेते. जे हुंगते ते पाण्याला देते.

"माझ्या सीटा," विरूपाक्ष म्हणाला.

"तुझ्या सीटा," मी म्हणाले.

महांतेश जवळ आला, एक माठ हातात फिरवून पाहिला आणि वास घेतला.

"अक्का, आता आपला धंदा एकच झाला की."

मला राग यायला हवा होता. पण तो खरे बोलत होता, आणि गरम मडकी बंद गाडीत भरणारी मीच होते. त्या गाडीला मी दहा नावे ठेवली, आणि भरताना मात्र तिला जुनीच गाडी समजून भरले.

आम्ही माठ मांडले. नेहमीसारखी रांग, पुढे लहान, मागे मोठे, कडेला रांजण. रांजण तेवढे चांगले होते, ते दुपारपर्यंत गेले. माठाला मात्र बाया बोटाने टिचकी मारत, खणखणीत आवाज ऐकून खूश होत, आणि मग आत तोंड घालून वास घेत.

"ह्यात काय ठिवलं होतं, बाई?"

सुकन्या काहीतरी सांगायला निघाली. मी तिला थांबवले.

"एसी गाडीत बसून आल्यात," मी म्हणाले. "हे न्हेऊ नका. पाणी नासंल."

दुपार कलायच्या आतच विरूपाक्ष आला. गाडीच्या चारही काचा खाली करून तो इतका वेळ बाहेर दगडावर बसला होता.

"चला मावशी. विकायचंच न्हाई तर बसून काय करून राहिलात?"

"बाजार उठू दे."

"कोण घेणार हाय आता?"

"कोण न्हाई. तू बस तिकडं."

तो पुटपुटत गेला. सुकन्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "पुढच्या बाजाराला कशात यायचं, आत्याबाई?"

समोर एक बाई मोठा माठ हातात घेऊन उभी होती. वास तिलाही आला होता, पण माठ तिला आवडला होता, खाली ठेववेना.

"असाच दुसरा मिळंल का?" तिने विचारले.

"पुढच्या बाजाराला या," मी म्हणाले. "ह्याच कोपऱ्यावर."