टोपली रिकामी करू नका

काही पत्रांना उत्तर द्यायचं राहून जातं. या पत्राच्या बाबतीत तसं म्हणायचीही सोय नव्हती. आजोबांनी ते आल्या दिवशीच वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि मग शब्दकोशाकडे फिरकायचंच सोडलं. ज्याचा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, त्याने शब्दकोश टाळायचा म्हणजे सुताराने करवत टाळण्यासारखं. पण त्यांचा इलाज नव्हता.

आजोबा हे नाव त्यांना मुलीने दिलं होतं. नातवंड एकही नव्हतं. मुलीचं तान्ह्या बाळांच्या लोकरी कपड्यांचं दुकान होतं, तेही इंटरनेटवर. प्रत्यक्षात होती ती एक लांबट खोली. भिंतीला लोकरीच्या गुंड्यांचे कप्पे, खिडकीशी विणणाऱ्या दोघीजणी, कोपऱ्यात पार्सलं बांधायचं टेबल. इंटरनेटवरच्या दुकानात माणसं यायची भरपूर. टोपडी बघायची, मोजे बघायची, टोपलीत टाकायची आणि पैसे भरायची वेळ आली की नाहीशी व्हायची.

“येतात कधी, जातात कधी, कडीसुद्धा वाजत नाही,” दोघींतल्या थोरल्या मावशी म्हणायच्या. “याच्यापेक्षा भुतं बरी. ती निदान दार तरी आपटतात.”

मुलीने या दुकानापायी चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं होतं. तिने फोटो बदलून पाहिले, पाठवायचा खर्च माफ करून पाहिला. गिऱ्हाईक टोपलीपुढे सरकेना. शेवटी ती बापाकडे आली.

“बाबा, टोपली तशीच टाकून गेलेल्यांना आठवण करून द्यायचीय. दोन ओळी लिहून द्या ना. जाहिरात वाटता कामा नये.”

दोन ओळींसाठी त्यांनी आठवडा घालवला. ‘तुम्ही निवडलेलं आम्ही जपून ठेवलं आहे. बाळाला थंडी वाजायच्या आत कळवा.’ खाली ‘आजोबा’ ही सही मुलीने घातली. दर रविवारी सकाळी हा निरोप आपोआप जाऊ लागला, आणि गेलेली माणसं खरंच परत येऊ लागली. ‘विसरलेच होते, आजोबा’ असं लिहून पैसे भरू लागली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या, त्यात स्वतःचं एक वाक्य कुणाच्या तरी कामी आलं होतं. आजोबा मनातून सुखावले. सुखावल्याची त्यांना लाजही वाटली.

मग ते पत्र आलं. कागदावर, शाईने लिहिलेलं.

‘आजोबा, तुमचा निरोप दर रविवारी येतो. माझ्या टोपलीत पिवळी टोपी आहे. बाळ आलं, पण राहिलं नाही. तुम्हाला ते ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून रागावले नाही. निरोप थांबवाल का? पण टोपली रिकामी करू नका. ती मी माझ्या हाताने करीन. आज हात धजत नाही.’

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत’ हे छापील वाटे. साधं लिहावं तर प्रत्येक ओळीला दुकानाचा वास येई. त्यात त्यांनी मुलीला सहज विचारावं तसं विचारलं होतं, एखाद्याचाच निरोप बंद करता येतो का?

“येतो की. यादीतून नाव काढायचं. त्याची टोपलीही आपोआप पुसली जाते.”

बाईने नेमकं तेवढंच नको म्हटलं होतं. आजोबा गप्प बसले. रविवार काही गप्प बसले नाहीत.

एके दुपारी मुलगी संगणकापुढून म्हणाली, “आता बुधवारीही निरोप पाठवू या. आणि महिन्याअखेर जुन्या टोपल्या साफ करते. माल उगाच अडकून पडतो. ही पिवळी टोपी बघा, एकच आहे, दोन गिऱ्हाइकं विचारून गेली.”

“माझ्या हातची आहे ती,” मावशी म्हणाल्या. “तसली लोकर आता मिळत नाही.”

“ती राहू दे,” आजोबा म्हणाले.

“का?”

“राहू दे म्हणतो ना.”

बापाचा आवाज चढलेला मुलीने क्वचितच ऐकला होता. ती बघत राहिली. आजोबा उठले, शब्दकोश काढला आणि पत्र तिच्या हातात दिलं.

तिने ते दोनदा वाचलं.

“हे कधी आलं, बाबा?”

“थंडी सुरू व्हायच्या आधी.”

“आता थंडी संपत आली. म्हणजे इतके रविवार मी हिला... आणि तुम्हाला माहीत होतं?”

“उत्तर नीट जमत नव्हतं.”

“जमलं नाही तर नाही. मला सांगायला तोंड होतं ना?” तिने पत्राची घडी घातली. “चुका राहिल्या असत्या तरी चाललं असतं हो. ती काय तपासायला बसली होती?”



मुलीने बराच वेळ संगणकाशी झटापट केली. एकट्या तिचाच निरोप थांबवून टोपली ठेवायची सोय त्यात नव्हतीच. थांबवायचे तर सगळ्यांचे.

“तुमचं नाव काढून टाकू का खालचं?”

“नाव काढलंस तरी रविवारी निरोप तिला जाणारच.”

“बाबा, या निरोपांवर दुकान तरलंय. बंद केले तर खिडकीशी दोघी बसतात तिथे एकच बसेल.”

ती मावशींकडे बघत होती. मावशींनी सुई सोडली नाही. “माझ्याकडे काय बघतेस? मी काही सांगायची नाही. सांगितलं तर उद्या म्हणशील, मावशींनी बुडवलं.”

मुलीने डोळे चोळले आणि निरोप बंद केले. सगळ्यांचे.

“आता गिऱ्हाईक परत आणायचं कसं, ते तुम्ही सांगा.”

“विचारू या,” आजोबा चाचरत म्हणाले. “घ्यायचं होतं, मग काय अडलं? एकेकाला, एकदाच. उत्तर आलं नाही तर पुन्हा त्रास द्यायचा नाही.”

“लिहिणार कोण?”

“मी.”

“दोन ओळींना आठवडा लावणारे तुम्ही,” ती म्हणाली. पण आवाजातली धार गेली होती. तिने कागद पुढे सरकवला. “आधी हिला. मी इथेच बसते. संपेपर्यंत उठायचं नाही.”

आजोबांनी लिहिलं :

‘तुमची टोपली तशीच आहे. टोपी कप्प्यातून काढून वेगळी ठेवली आहे. ती दुसऱ्या कुणाला विकणार नाही. निरोप बंद केले आहेत. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तर द्यायला मी भ्यालो. त्यानंतरचे सगळे निरोप माझ्या भिण्यामुळे तुम्हाला सोसावे लागले.’

सहीपाशी ते अडले. “आजोबा कसं लिहू? कोण मी तिचा?”

“तिने पत्र कुणाला लिहिलंय?”

त्यांनी ‘आजोबा’ लिहिलं. एकदा नजर टाकतो म्हणेपर्यंत मुलीने कागद ओढून पाकिटात घातला.

टपालपेटी रस्त्याच्या टोकाशी होती. पाकीट फटीत अर्धं सरकवल्यावर आजोबांना वाटलं, ‘भ्यालो’ जरा उघडं झालं का? ‘संकोचलो’ शोभलं असतं. त्यांनी तो शब्द मनात घोळवून पाहिला. तो खरा नव्हता. त्यांनी पाकीट सोडून दिलं.